गुस्तावचं वजन

रास अल खैमाच्या अलीकडे, जझिरा अल हमराला
खाडीकाठी पत्र्याचं हँगर.
आत पंख उतरवलेलं जर्मन लढाऊ विमान,
सत्तर वर्षांपूर्वीचं,
आणि आम्ही तिघं.

हार्टविगसाहेब, ज्यांचे वडील हेच इंजिन बांधायचे.
पेशावरचे दिलावरचाचा, निवृत्त एअरफोर्स.
आणि मी, ओझरला तेवीस वर्षं
मिग उघडत आणि मिटत बसलेला.
एकाहत्तरला चाचा धावपट्टीवर होते,
मी पहिलीत, काचांना काळे कागद चिकटवत.
ते मला नावानं हाक मारत नाहीत.
"मिगवाले," म्हणतात, "ज़रा तेरा नंबर देना."

फळ्यावर खडूनं चार नावं:
एमिल, फ्रीडरिश, गुस्ताव, कुरफ्यूर्स्ट.
"ही अक्षरांची नावं," हार्टविगसाहेबांनी बजावलं,
"माणसांची नव्हेत."
आठवड्यात आम्ही त्यांच्याविषयी
चुलतभावांसारखं बोलायला लागलो.

एमिलच्या पंखांची टोकं चौकोनी कापलेली,
शेपटाला आधाराच्या काठ्या, अकराशे घोडे.
फ्रीडरिशनं काठ्या टाकल्या, टोकं गोल केली,
पंखांतल्या बंदुका काढल्या,
आणि हवेनं त्याच्याशी भांडण सोडलं.
ताशी सहाशे पस्तीस, एक कागद म्हणतो.
सहाशे सत्तर, दुसरा.
यावरून दोघे म्हातारे सबंध गुरुवार भांडले.
कुठल्या उंचीवर? दाब किती? रंग घासलेला होता का?
मी गप्प.
चाचणीचा आकडा आणि स्क्वाड्रनचा आकडा
ओझरला मी वेगळ्या वह्यांत लिहायचो.

मग गुस्ताव. आमचा हा.
सव्वाशे घोडे जास्त
आणि वेग जवळजवळ तिथंच.
जाड मशीनगन आल्या,
त्यांना जागा म्हणून नाकाडावर दोन टेंगळं आली,
नवे घोडे नवं ओझं ओढण्यातच दमले.
वर वाळूची गाळणी.
तिचेही काही किलोमीटर कापा.

रात्री स्काइपवर बायको म्हणाली,
"तोंड सुजल्यासारखं दिसतंय. वजन केलंत का?"
पगार वाढला की मी सांगतो.
आलो तेव्हा एका बॅगेत मावत होतो.
मग सातपूरचा फ्लॅट, मेहुण्याला दिलेले दीड लाख,
ऋतुजाची फार्मसी.

कुरफ्यूर्स्ट सगळ्यांत वेगवान. सातशे दहा.
पण ते इंजिनात मिथेनॉल आणि पाणी फवारून,
एका दमात दहा मिनिटं.
"आणि अकराव्या मिनिटाला?" मी विचारलं.
हार्टविगसाहेब खडूचे हात पुसत राहिले.
"तोवर पोरंच एकोणीस वर्षांची उरली होती.
बाबा त्यांचे पट्टे आवळायचे
आणि घरचे पत्ते लिहून घ्यायचे."
त्या दिवशी फळा कुणी पुसला नाही,
कुणी भांडलंही नाही.

जुलैत विमान ओढून बाहेर घेतलं.
अठ्ठेचाळीस अंश, पाना हातात धरवत नव्हता.
डाव्या कुशीवर, कॉकपिटखाली,
रंगाच्या थराखाली मला दोन बारक्या कड्या लागल्या.
शिडीच्या असतील, म्हटलं.
"छत्रीच्या," हार्टविगसाहेब म्हणाले.
वाळवंटात वैमानिक आत बसून हुकुमाची वाट बघायचा,
डोकं भाजू नये म्हणून.

म्हणजे कारखान्यात कुणीतरी
कागदावर छत्री काढली होती,
तिच्या दांड्याचा व्यास मोजला होता.
वेगात फरक: शून्य.
चढाईत फरक: शून्य.
आमच्या फळ्यावर या सुधारणेला रकानाच नव्हता.

चाचा पिकअपमधून छत्री घेऊन आले,
फुलाफुलांची, त्यांच्या सुनेची.
दांडा जाड निघाला.
तिथंच उन्हात उभे राहून ते कानशीनं घासत बसले.
"मिगवाले, तू अंदर बैठ. साया देखना है."

मी चढलो. खांदे दोन्हीकडून अडकले,
श्वास सोडला तेव्हा बसता आलं.
चाचांनी छत्री रोवली.
सावली डोक्यावरून छातीपर्यंत आली,
गुडघे उन्हातच राहिले.
"ठीक?" त्यांनी विचारलं.
"थोडी डावीकडे," मी म्हणालो, मराठीतच,
आणि त्यांनी ती थोडी डावीकडे केली.